बटाट्याचा आडोसा

“आबा, जरा बाजूला व्हा ना. बटाटा दिसत नाहीये.”

उन्नती एवढंच म्हणाली, आणि तेही लाडात. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये बसून नऊ वर्षांची पोर वडिलांच्या फोनवर विरारच्या आमच्या हॉलमधला पिंजरा बघत होती. मध्ये माझी पाठ येत होती, तर ती दुसरं काय म्हणणार? मी बाजूला झालो. खुर्ची सरकवली आणि भिंतीला लागून बसलो. शोकेसवरच्या कॅमेऱ्याने घुर्र करून मान खाली घातली, पिंजऱ्यावर डोळा लावला आणि तिथेच थांबला. माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. सकाळी दाढी केली होती, डोक्याला तेल लावून भांग पाडला होता. हे सगळं कुणासाठी चाललंय ते मला त्या क्षणी कळलं आणि कानशिलं तापली. फुलपाड्याच्या या घरात मी एकटा राहतो. बनियन-लुंगीवर वावरलो तर कोण बोलणार आहे? पण उन्हाळ्यात माझ्या मुलाने, हर्षवर्धनने, हा कॅमेरा बसवला तेव्हापासून मी घरातल्या घरात लग्नाला आल्यासारखा बसतोय. “उन्नतीला बटाटा बघता येईल आणि तुमच्याकडेही लक्ष राहील,” असं तो म्हणाला होता. त्यातलं मला हवं तेवढं मी उचललं आणि बाकीचं सोडून दिलं.

बटाटा म्हणजे हॅमस्टर. मुठीत मावणारा तपकिरी गोळा, शेपूट नावापुरती, मिळेल तो दाणा गालात कोंबून ठेवायची सवय. सुनेने, संपदाने, तो पोरीच्या वाढदिवसाला आणला आणि पोरीने त्याला बघताक्षणी बटाटा म्हटलं. हर्षवर्धनची बदली झाली तेव्हा विमानात त्याला नेता येईना आणि गाडीने न्यावा तर वाटेत ऊन. मग नाताळच्या सुट्टीत येऊन घेऊन जायचं ठरलं. निघताना उन्नती पिंजऱ्याला मिठी मारून रडली. मला नमस्कार केला, म्हणजे संपदाने करायला लावला. त्या दिवसापासून नातीचं आणि माझं जे काही आहे ते बटाट्यामार्फत आहे. संध्याकाळी शाळेतून आली की ती कॅमेऱ्यावर येते. आधी मान घुर्र करते, मग आवाज येतो. बटाटा चाकात पळत असला, गाजराचा तुकडा दोन हातांत धरून कुरतडत असला की ती थांबते. बघता बघता बोलते. तेलुगूच्या बाईंबद्दल सांगते, बसमधल्या भांडणाबद्दल सांगते, मध्येच विचारते, आबा, तुम्ही काय जेवलात? बटाटा दिसत नसला की “झोपलाय वाटतं” म्हणते आणि जाते. कॅमेऱ्याची मान सरळ होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसते. हे गणित समजायला मला वेळ लागला नाही. मी सगळी नोकरी एका रंगाच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. समोर न दिसणारा माल संपलेलाच असतो अशी माणसांची समजूत असते, म्हणून डबे कसे, लेबलं पुढे करून लावायचे.

म्हणून पावसाळा सरता सरता मी बटाट्याचं लाकडी घर काढून टाकलं. दिवसभर तो त्यात जाऊन पडायचा, आणि मला ते पटतही नव्हतं. आमच्या गावी दिवसा दार लावून घेत नाहीत. दार लागलेलं दिसलं की शेजारी विचारायला येतात, घरात कुणी आजारी आहे का, भांडण झालंय का, का सगळी मुंबईला गेली. दिवेलागणीला कुणी आडवं झालं तर आई पाठीत धपाटा घालायची. लक्ष्मी यायच्या वेळेला झोपतोस काय म्हणून. अंधारात तोंड घालून पडणारा जीव मला आजारीच वाटतो, मग तो माणूस असो की बटाटा. घर काढलं आणि बाजारातल्या पेट शॉपमध्ये गेलो. तिथला विकी मला ओळखतो. त्याने पारदर्शक नळ्यांचा अख्खा खोका पुढे केला. “काका, हे घ्या. कुठूनपण बघा, बच्चा दिसणारच,” तो म्हणाला. मी सरळ नळ्या घेतल्या, वळणाच्या घेतल्या, वर चढणारी एक घेतली, काचेसारखी गोल खोली घेतली. जोडून झाल्यावर पिंजरा असा काही झळकायला लागला की मी स्वतःच बराच वेळ बघत उभा राहिलो. उन्नतीने टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी ती इतका वेळ थांबली की शेवटी संपदाला तिच्या हातातून फोन काढून घ्यावा लागला.

पिंजरा हॉलच्या आतल्या कोपऱ्यात आहे. तिथे आधी पलंग होता, विनयाचा. माझी बायको शेवटचे महिने त्या कोपऱ्यातच होती आणि तिथेच गेली. ती गेल्यावर त्या जागी रीतीप्रमाणे दिवा ठेवला, तेराव्याला उचलला. दिवा उचलला तेव्हा तो कोपरा असा काही काळा पडला की मला तिकडे बघवेना. मी वरचा पिवळा बल्ब लावला आणि तो तसाच राहू दिला. घरात सगळी होती तेव्हाही कुणी काही बोललं नाही. पलंग देऊन टाकला, काही दिवस तिथे इस्त्रीचे कपडे पडायचे, मग पिंजरा आला. घरात मोकळी झालेली जागा फार दिवस मोकळी राहत नाही, आणि ते बरंच असतं. पण बल्ब मी बंद केला नाही. वीज वाचवायलाही नाही, कशासाठीच नाही, हात तिकडे जात नसे एवढंच. त्या पिवळ्या उजेडात बटाटा कॅमेऱ्याला फार छान दिसतो असं उन्नती म्हणाली, तेव्हा मला वाटलं, चला, विनयाचा दिवा नातीच्या उपयोगी पडला.

दिवाळी झाली आणि बटाटा पिंजऱ्याच्या गजांना चावायला लागला. आधी मला ते खेळणं वाटलं. टर्र टर्र असा आवाज, दुपारी, संध्याकाळी, मी पेपर वाचत असताना. नळ्यांमधून तो जायचा, पण मध्येच थिजायचा. मी पाण्याचा पेला उचलला तरी थिजायचा. गोल काचेच्या खोलीत तो अंग आखडून बसायचा आणि पोट भराभर वरखाली व्हायचं. नाकावरचे केस गेले, खालची कातडी लाल दिसायला लागली. कधीकधी तो आपला भुसा ओढून ओढून नळीच्या तोंडात कोंबायचा. मी तो काढायचो, कारण नळीतलं दिसेनासं व्हायचं. एकदा उन्नतीने विचारलं, “आबा, त्याचं नाक लाल का दिसतंय?” मी म्हणालो, गाजर खाल्लंय. ती हसली. ती हसली म्हणून मला बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. हा जीव नाताळच्या आत गेला तर? ती बटाट्यासाठी येते. बटाटा नाही म्हणजे कॅमेऱ्याचं काम नाही, संध्याकाळी घुर्र नाही, काय जेवलात नाही. दर रविवारी हर्षवर्धनचा फोन येईल, बाबा बरे आहात ना, हो बरा आहे, औषध घेताय ना, घेतोय. मला त्याची कल्पनासुद्धा सहन होईना. मुठीएवढ्या जनावरावर माझं एवढं सगळं टांगलेलं आहे याची लाज वाटली, पण लाज वाटून उपयोग काय?

मी त्याला बुटाच्या खोक्यात घालून, खोक्याला भोकं पाडून, रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टर इनेझ तुस्कानो, तरुण बाई, वसईच्या. आधी एक मांजर तपासून झालं, मग आमची पाळी आली. खोक्यात अंधार होता आणि बटाटा सगळ्या वाटेत एकदाही हलला नाही, तेव्हा मला वाटलं आटोपलंच. झाकण उघडलं तर कोपऱ्यात शांत झोपला होता. गेल्या कित्येक दिवसांत मी त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला तळहातावर घेतलं, दात बघितले, नाक बघितलं, आणि हा राहतो कसा ते विचारलं. मी सांगितलं. नळ्या सांगितल्या, काचेची खोली सांगितली, बल्ब सांगितला. सांगताना थोडा अभिमानही होता आवाजात, खोटं कशाला बोलू.

त्या म्हणाल्या, “काका, ह्याला रोग काही नाहीये. ह्याला घुबड खातं, साप खातो, कोल्हा खातो. आपण कुणाला दिसलो की मेलो, एवढीच अक्कल देवाने ह्याला दिलीय. तुम्ही ह्याला दिवसरात्र लाईटखाली उघड्यावर ठेवलंय.”

“मग काय करू?” मी विचारलं.

“लपू द्या त्याला. अंधार द्या, आडोसे द्या, दोन-तीन तरी. भरपूर भुसा द्या, तो खणेल. आणि दिसला नाही तर शोधू नका. नाहीतर नाताळपर्यंत काही खरं नाही त्याचं.”

बाहेर येऊन मी पायरीवर खोका मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाला हॉर्न वाजवून विचारून गेला. दिसला की मेला. मी मात्र दिसावं म्हणून सकाळपासून तेल लावून बसतो. त्याला जगवायचं तर लपवायला हवं, आणि लपवलं तर पोरगी थांबणार नाही. म्हणजे दोन्हीकडून जाणार माझंच. मला त्या डॉक्टरीणबाईंचा राग आला, मग बटाट्याचा आला. एवढ्याशा जिवाला कसली एवढी भीती? फुलपाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावर, सेफ्टी डोअरच्या आत, कुठलं घुबड येणार आहे? खोक्यातून काहीच आवाज येत नव्हता. मी एका भोकाला डोळा लावायला वाकलो आणि वाकता वाकता थांबलो. शोधू नका म्हणाल्या होत्या.

तसाच विकीकडे गेलो. या खेपेला मी नीट बघून घ्यायचं ठरवलं. मागच्या वेळी जे जे चकाकतं ते उचललं होतं. आता बघितलं तर लपायच्या वस्तूंचंही निम्मं दुकान दाखवण्यासाठीच बनवलेलं. गुलाबी किल्ला होता, त्याला सहा खिडक्या. ज्याला लपायचंय त्याला खिडकी कशाला? चिनी मातीचं, अळंबीच्या आकाराचं घर होतं, गार, छान, पण दार असं ऐसपैस की आतला पार शेवटपर्यंत दिसावा. लाकडी पूल होता, तो खालून उघडा. गवताचा एक गोळा होता, त्याला कसलासा औषधी वास, मी तो नाकाला लावून परत ठेवला. मग मातकट रंगाची एक नळी सापडली, जाड, आरपार न दिसणारी, मधोमध वळलेली. मी बाही वर करून तिच्यात हात घातला. वळणापाशी हात वळला आणि बोटं कुठे गेली ते मला दिसेना. सरळ नळी असली की एका तोंडातून दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसतो, वळणाची असली की मध्ये काळोख राहतो. मी दोन्हींना डोळा लावून बघितलं आणि वळणाची घेतली. विकी म्हणाला, “काका, ही तर कोणी घेतच नाही. बच्चा दिसत नाही ना हिच्यात.” मी म्हणालो, म्हणूनच घेतोय. त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि काकांना बरं नाही अशा नजरेने नळी पुसून दिली.

नळीत हात घालून उभा असताना मला उगाच आमचं घर आठवलं होतं, भरलेलं असतानाचं. एक हॉल, एक बेडरूम, पाच माणसं. संपदा संध्याकाळी बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. आत बादली केव्हाच भरून वाहत असायची, मी बाहेरून पाणी पाणी करून ओरडायचो. हर्षवर्धन जिन्यात उभा राहून फोनवर बोलायचा, पण बऱ्याचदा फोन नुसता हातात असायचा, बोलत कुणीच नसायचं. उन्नती डायनिंग टेबलवरून चादर सोडून खाली बसायची आणि मी जाता-येता चादर वर करून भॉक करायचो. तिला ते आवडतं असं मला वाटे. चाळीत वाढलेल्या माणसाला चार भिंतींत एकटं बसणं म्हणजे रुसणंच वाटतं. मला स्वतःला आडोसा कधी लागला नाही, मी आपला हॉलच्या मधोमध, टीव्हीसमोर. पण विनया? विनयाचा आडोसा कुठला होता ते काही केल्या मला आठवेना. स्वयंपाकघर म्हणावं तर तिथे सगळ्यांची ये-जा. गॅलरीत ती कपडे वाळत घालायची आणि लगेच आत यायची. इतक्या वर्षांच्या संसारात बाई एकटी बसलीच नाही कुठे? घरी येईपर्यंत मी तेच शोधत होतो.

डॉक्टरीणबाईंनी वाळलेली पानं चालतील म्हणून सांगितलं होतं. केळीची वाळकी पानं विकत घेण्यात काही अर्थ नव्हता. निर्मळला भागूबाईची वाडी आहे. विनया तिच्याकडून फुलं, केळी, भाजी आणायची, दर आठवड्याला, रिक्षा बदलून बदलून. मी म्हणायचो, एवढं भाडं घालवून स्वस्त भाजी आणण्यात काय हशील? ती म्हणायची, ताजी असते. दुसऱ्या दिवशी मी निर्मळला गेलो. भागूबाई आता थकली आहे, पण वाडीत काम चालू होतं. मी वाळकी पानं मागितली तेव्हा तिने कशाला म्हणून विचारलं, आणि उंदरासाठी म्हटल्यावर तोंडावर पदर घेऊन हसली. मला बसायला दिलं, पाणी दिलं. विनयाचं बोलणं निघालंच. भागूबाई पानं नीट पुसून जुडी बांधत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमची मालकीन यायची, भाजी घ्यायची, न् मंग तळ्यावं जाऊन पायरीवं बसायची. निस्ती बसायची. कोनाशी बोलायची नाय. मी पन कंदी ईचारलं नाय.”

मी पानांची जुडी घेतली आणि येताना तळ्यापाशी रिक्षा थांबवली, पण उतरलो नाही. दुपारची वेळ होती, देवळाकडे फारसं कुणी नव्हतं, पायऱ्या मोकळ्या होत्या. ती कोणत्या पायरीवर बसत असेल ते मला बघायचं होतं, आणि मग वाटलं, नको. मला वाईट वाटलं. त्याहून जास्त, म्हणजे कसं सांगू, मला तिचा हेवा वाटला. तिला जागा होती. आणि ती परत यायची तेव्हा घरात सगळी असायची. मी रिक्षावाल्याला चल म्हणालो.

संध्याकाळ व्हायच्या आत बटाट्याला पुन्हा बुटाच्या खोक्यात ठेवून पिंजरा मोडून लावला. पारदर्शक नळ्या माळ्यावर टाकल्या, लाकडी घर धुऊन उन्हात सुकवून परत ठेवलं. भुसा हातभर चढवला. वळणाची मातकट नळी त्यात अर्धी पुरली, तोंड तेवढं वर. नारळाची करवंटी घेतली, कानशीने कडा गुळगुळीत केल्या, दार कापलं, दार फार मोठं झालं म्हणून ती टाकून दुसरी घेतली. लाकडी घराच्या तोंडावर वाळकी पानं अशी लावली की आत जाणारा त्यांच्या मागे नाहीसा व्हावा. बटाटा खोक्यातून बाहेर आला, नाक वर करून वास घेतला, भिंतीच्या कडेकडेने गेला, करवंटीत शिरला, बाहेर आला, नळीच्या तोंडाशी थांबला आणि आत गेला. परत आला नाही. मी बल्बच्या बटणापाशी उभा राहिलो. बोट बटणावर होतं. विनयाला मोठ्याने सांगितलं, घरात दुसरं कुणी नव्हतंच, की अगं, ह्याला अंधार लागतो म्हणे. आणि बटण खाली केलं. कोपरा काळा झाला. मला वाटलं होतं तेवढा काळा नाही झाला, गॅलरीतून थोडा उजेड येत होता. तरी मी खुर्चीत बसून रडलो. कॅमेऱ्याला पाठ करून रडलो, एवढं भान राहिलं.

उन्नती आली तेव्हा घुर्र झालं, मान खाली गेली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली. “आबा, बटाटा कुठंय? आणि सगळे टनेल कुठे गेले?” मी सांगितलं. डॉक्टर सांगितली, घुबड सांगितलं, साप सांगितला. ती ऐकत होती असं मला वाटलं. मग म्हणाली, “पण एकदाच काढा ना बाहेर. मी फक्त बघते.” पोरीचा आवाज इतका जवळून येत होता की तिच्या नाकाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी नळी उचलायला हात पुढे केला होता. नळी हलकी असते, उलटी केली की तो खाली पडलाच असता, आणि ती बराच वेळ थांबली असती. मी म्हणालो, “नाही गं. राहू दे त्याला.” मी तिला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.  थोड्या वेळाने मान सरळ झाली. दुसऱ्या दिवशी ती आली, रिकामा भुसा बघितला, जेवलात का विचारलं नाही, गेली. मग परीक्षा होती. मग कॅमेरा भिंतीकडेच बघत राहिला. संपदाचा मेसेज आला की हर्षवर्धनला रजा मिळत नाहीये, नाताळचं काही जमेलसं वाटत नाही, उन्हाळ्यात नक्की. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. इस्त्रीचा शर्ट कपाटात ठेवला आणि बनियनवर राहू लागलो.

बटाट्याच्या नाकावर केस आले. मला ते एकदाच दिसलं, दिवेलागणीनंतर, मी अंधारात खुर्चीत बसलो असताना. तो नळीतून बाहेर आला, गाल फुगवून सगळे दाणे भरून घेतले, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि परत गेला. आतून भुसा सारल्याचा आवाज येत राहिला. तो मजेत होता. मी त्याला जगवलं होतं, आणि ते सांगायला माझ्याकडे कुणी नव्हतं. कॅमेऱ्याला सांगावं असं मनात आलं, पण भिंतीकडे बघणाऱ्याला काय सांगायचं?

रविवारची दुपार होती. करवंटीची कड बटाट्याने कुरतडून टाकली होती म्हणून नवी करायला मी स्वयंपाकघरात नारळ घेऊन बसलो होतो, खाली, फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या जागेत. तिथे लादी गार लागते. नारळ फोडून झाला, पाणी पिऊन झालं, तरी उठावंसं वाटेना. पाय पोटाशी घेऊन, भिंतीला डोकं टेकून बसलो. अंगात एक प्रकारची सैल झोप उतरत होती. तेवढ्यात हॉलमध्ये घुर्र झालं. मी दचकलो. मान खाली गेली असणार, पिंजऱ्याकडे. मी मनात म्हटलं, नाही दिसायचा तो, जा. पण घुर्र थांबलं नाही. मान वर आली, डावीकडे फिरली, खुर्चीकडे, गॅलरीकडे, दाराकडे, आणि परत.

“आबा?” उन्नती म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हाक बटाट्याला नव्हती.

“आबा, कुठे आहात तुम्ही?” घुर्र, घुर्र. ती मान पार टोकापर्यंत नेत होती, एरवी जिथे नेत नाही तिथपर्यंत. मला ओ द्यायची होती. नुसतं ‘अगं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी आणखी आत सरकलो आणि तोंडावर हात धरला. म्हातारा माणूस, फ्रिजमागे, हातात अर्धा नारळ. मला इतकं बरं वाटत होतं की छातीत दुखलं. आणखी एकदा, मी म्हटलं, आणखी एकदाच विचारू दे.

“पप्पा!” ती तिकडे ओरडली. “आबा दिसतच नाहीयेत. कुठेच नाहीयेत.” तिचा आवाज रडवेला झाला होता. पावलं वाजली, काहीतरी खाली पडलं. कॅमेऱ्यातून हर्षवर्धनचा आवाज आला, बाबा, बाबा, आणि लगेच माझ्या डोक्यावरच्या ओट्यावर ठेवलेला फोन वाजायला लागला. तो थरथरत ओट्याच्या कडेपर्यंत आला. मी त्याला थोडा वाजू दिला. मग पोरीचं रडणं सहन होईना म्हणून हात वर करून उचलला.

“बाबा, कुठे आहात?” हर्षवर्धन धापा टाकत होता.

“घरातच.”

“मग ओ का देत नाही? पडलात का? काय झालं?”

“काही नाही रे,” मी म्हणालो. “लपलो होतो.”

 मला वाटलं आता चिडेल, आणि चिडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण तो चिडला नाही, नुसता गप्प राहिला, लहानपणी शाळेतून आल्यावर जिन्यात राहायचा तसा. मागून उन्नती नाक ओढत विचारत होती, “सापडले का पप्पा? सापडले का आबा?” तो तिला काही बोलेना. ती पुन्हा विचारत होती. मी फोन कानाला घट्ट धरून बसलो, हर्षवर्धन तिला काय उत्तर देतो ते मला ऐकायचं होतं.